सातबारा नसला तरी मधपेटी

गावाकडचा एक भूमिहीन तरुण परवा कोर्टात भेटला. म्हणाला, "वकीलसाहेब, कर्ज काढून पन्नास मधपेट्या घेतो." म्हटले, आधी दोन घे.

मधमाशी सातबारा विचारत नाही. पेटी एका बांधावर, माशी शेजारच्या दहा शेतांत. जमीन नाकारल्या गेलेल्या आपल्या वस्त्यांनी म्हणूनच या धंद्याकडे पाहिले पाहिजे. पण डोळे उघडे ठेवून. आग्या पेटीत राहत नाही. सातेरी राहते, फार छेडली तर तीही निघून जाते. पावसाळ्यात फुलोरा आटला की साखरेचा पाक द्यावा लागतो. हा खर्च पेटी विकणारा सांगत नाही. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. आधी शिका, मग कर्जाचे बघा.

आणि बांधमालकाशी लेखी करा: पेट्या कुणाच्या, किती दिवस, फवारणीची खबर कधी देणार. माश्या मेल्यावर तोंडी बोलणे सिद्ध करता करता आयुष्य जाते.

"मालक सही करील का?" त्याने विचारले. मी म्हटले, नाही केली तर तिथे पेटी ठेवू नकोस. तुझ्या घरामागे शेवगा आहे; दोन पेट्या त्याखाली मावतात.