चेक वटला नाही, तर?

उधारीपोटी मिळालेला चेक परत आला की माणूस आधी पोलीस ठाण्यात जातो. तिथे सहसा हात हलवत परतावं लागतं, कारण ‘निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट’च्या कलम 138 खाली तक्रार थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायची असते.

सगळी मदार तारखांवर. चेक 3 महिन्यांत बँकेत भरायचा. परत आला की बँक मेमो देते. ‘खात्यात पुरेशी रक्कम नाही’ असं कारण लिहिलेला हा कागद जपून ठेवा. चेक परत आल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे, आणि तीत चेकवरचीच रक्कम मागा. व्याज, वकिलाचा खर्च वेगळा दाखवा; सगळं एकत्र केलं की समोरचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. नोटीस मिळाल्यावर देणेकऱ्याला 15 दिवस मिळतात. तेही उलटले, की पुढच्या महिन्याभरात तक्रार. तक्रारीला उशीर झाल्यास सबळ कारण दाखवून माफी मिळू शकते, नोटिशीच्या उशिराला नाही.

शिक्षा 2 वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा जामीनपात्र आहे, तडजोडही चालते. बहुतेकांना तुरुंगापेक्षा पैसेच हवे असतात!

‘कोरा चेक नुसता सही करून दिला होता’ हा बचाव मात्र फारसा टिकत नाही. सही मान्य केली की देणं नव्हतं हे दाखवायची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. भेट म्हणून दिलेल्या चेकला हे कलम लागत नाही.