आधी जळजळ, मग विषाणू

जुलै २०००. डर्बनच्या एड्स परिषदेत एचआयव्ही रोखण्यासाठी योनीत लावायच्या नॉनॉक्सिनॉल-९ या जेलच्या चाचणीचा निकाल आला आणि सगळ्यांचे आडाखे चुकले. काचेच्या नळीत एचआयव्हीचा फडशा पाडणारे हे रसायन वापरणाऱ्या बायकांमध्ये संसर्ग उलट वाढला होता. विषाणूबरोबर ते योनीचे नाजूक अस्तरही सोलत होते. तेव्हापासून असे कुठलेही औषध आले की पहिला प्रश्न ठरला: हे अंगाला झोंबते का?

निसर्गातली काही प्रथिने या परीक्षेला बसली. निळ्या-हिरव्या शेवाळातले सायानोव्हिरिन विषाणूवरच्या साखरेला घट्ट चिकटायचे आणि त्याला पेशीत शिरू द्यायचे नाही. पण ते रक्तातल्या टी-पेशींनाही चेतवायचे, आणि एचआयव्हीला चेतलेल्या टी-पेशीच तर हव्या असतात! म्हणजे पहारेकऱ्यानेच चोराला पाट मांडून द्यावा, तशातली गत.

२००५ मध्ये न्यूझीलंडच्या समुद्रातल्या तांबड्या शेवाळातून ग्रिफिथ्सिन पुढे आले. १२१ अमिनो आम्लांचे हे प्रथिनही साखरेलाच पकडते, पण टी-पेशी त्याने जाग्या होत नाहीत. अडचण एकच, शेवाळातून ते मिळणार किती? तोड निघाली तंबाखूच्या एका रानटी भाऊबंदात. भंडारा-गोंदियाकडे तंबाखू म्हणजे तेंदूपानात वळायची चीज; तिथल्या बिडी वळणाऱ्या बाईला तंबाखूतून औषध निघेल असे सांगितले तर ती खुशाल हसेल. केंटकीत ५,००० चौरस फुटांच्या बंदिस्त हरितगृहात या रानटी तंबाखूच्या रोपांना ग्रिफिथ्सिनचा जनुक घातलेल्या तंबाखूच्याच विषाणूची लागण केली गेली. पानांतून ६० ग्रॅमांहून अधिक शुद्ध प्रथिन निघाले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात सशांच्या योनीवर आणि मानवी गर्भाशयमुखाच्या तुकड्यांवर ते लावून पाहिले. दाह नाही.

अशी परीक्षा पुण्यालाही नवी नव्हती. टेनोफोव्हिर हे एचआयव्हीविरोधी जेल प्रथिनाचे नव्हे, पण त्याच्या सुरक्षा-चाचणीतल्या २०० स्त्रियांपैकी काही पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत नोंदवलेल्या होत्या; बाकीच्या अमेरिकेतल्या. त्या चाचणीचे निकाल फेब्रुवारी २००८ मध्ये दिल्लीत मांडले गेले. जेल लावायचे, तपासणीला यायचे आणि खाजगीतले प्रश्न ऐकून घ्यायचे, हे धाडस कुणाच्या खिजगणतीत नसते.

पुढे ग्रिफिथ्सिनचे जेल निरोगी स्त्रियांवर तपासले गेले. गंभीर त्रास दिसला नाही, आणि प्रथिन रक्तात उतरले नाही. ते एचआयव्ही रोखते का, हे विचारणारी मोठी चाचणी त्यानंतरची पायरी.