पाळी चुकण्याआधीच

मी परिचारिका. प्रसूतिगृहात रात्र काढताना वाटते, आमचे काम वर्षभर आधी सुरू व्हायला हवे होते. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात सोयाबीन सोंगून, कापूस वेचून आलेली सून सर्वांच्या शेवटी जेवते (सासूबाईंनी रागावू नये!) आणि दिवस गेले की मग गोळ्यांची आठवण होते. पण बाळाच्या मेंदूचा व मज्जारज्जूचा पाया पहिल्या 28 दिवसांतच पडतो. म्हणून मूल हवे असे ठरताच, निदान महिनाभर आधीपासून, फॉलिक ॲसिडची 400 मायक्रोग्रॅमची गोळी रोज घ्यावी. हिमोग्लोबिनही तेव्हाच तपासावे. गरोदरपणी ते 11 ग्रॅमच्या खाली म्हणजे रक्तक्षय. 7 च्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय. बाळ जन्मताच रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून आम्ही ऑक्सिटोसिनचे 10 युनिटचे इंजेक्शन देतो. पण अंगात मुळातच रक्त कमी असेल तर थोडा रक्तस्रावही झेपत नाही. हेच इंजेक्शन कळा वाढाव्यात म्हणून घरी टोचून घेऊ नका, गर्भाशय फाटू शकते.

पहिले बाळंतपण बहुधा माहेरी. तपासण्यांचे कार्ड मात्र सासरच्या कपाटात राहते आणि ऐन कळांत आम्हाला रक्तगटापासून सुरुवात करावी लागते. लेकीला आणायला जाल तेव्हा साड्यांच्या आधी ते कार्ड पिशवीत टाका.