भायखळ्याच्या तुरुंगातली लस

1896 साली मुंबईत प्लेग आला आणि जीवाणूशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करायला घेतली. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, अंग ठणकले, पण ते वाचले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस टोचली गेली, बाकीचे तसेच राहिले. टोचलेल्यांत लागण बरीच कमी दिसली.

प्रयोग फळला खरा. पण गजांआडच्या माणसाची ‘स्वेच्छा’ कितपत मोकळी?

त्या काळी हे विचारायला नियमच नव्हते. नाझी डॉक्टरांवरील खटल्यातून 1947 मध्ये न्यूरेंबर्ग संहिता आली. तिची पहिलीच अट स्वेच्छासंमतीची. तरीही अमेरिकेत टस्कीगी इथे सिफिलिस झालेल्या गरीब कृष्णवर्णीयांना 1972 पर्यंत पेनिसिलिनविना ठेवून नुसते ‘पाहिले’ गेले. संहिता कागदावर राहिली की असे होते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे कैद्यांना असुरक्षित गटात धरतात. त्यांच्यावरील संशोधनात त्यांना जादा संरक्षण द्यावे लागते. नव्या औषधाची चाचणी नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय सुरू करता येत नाही.

कुणी चाचणीत भाग घ्यायला सांगितले, तर संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा. नकार देता येतो, मध्येच बाहेरही पडता येते, आणि त्यापायी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.