सर्पगृहातील नैसर्गिक साहित्याची स्वच्छता

सापांच्या बंदिस्त निवाऱ्यात ठेवावयाचे ओंडके, फांद्या, साली, दगड इ. नैसर्गिक वस्तू परजीवी व रोगजंतू यांपासून मुक्त करण्याची प्रक्रिया. या वस्तू केवळ शोभेच्या नसतात. त्यांमुळे सापाला आडोसा व चढण्यास आधार मिळतो आणि कात टाकताना खरखरीत पृष्ठभागावर अंग घासता येते. तथापि सापाचे अंग त्यांना सतत लागत असल्याने त्यांवरील जंतू, तसेच त्यांत मुरलेली रसायने, दोन्ही त्याला अपायकारक ठरतात.

सापांचे रक्त शोषणारी ऑफिओनिसस नॅट्रिसिस ही माइट सु. १ मिमी. लांबीची असून तिची मादी अंधाऱ्या, दमट भेगांत अंडी घालते. क्रिप्टोस्पोरिडियम सर्पेंटिस या आदिजीवामुळे सापाच्या जठराची भित्ती जाड होते व त्याने गिळलेले भक्ष्य उलटून पडते. या आदिजीवाच्या युग्मकपुटींवर क्लोरिनयुक्त द्रावणांचा फारसा परिणाम होत नाही. उकळत्या पाण्याने मात्र त्या नष्ट होतात.

साहित्य निवडताना कीटकनाशके फवारलेल्या जागेतील, कुजलेले किंवा राळ पाझरणारे लाकूड वर्ज्य करतात. देवदारासारख्या सुगंधी लाकडातील तेलेही सापांना बाधक असतात.

प्रथम माती, विष्ठा व सुटी साल कुंचल्याने घासून काढतात. ही पायरी गाळल्यास पुढील उपाय निष्फळ ठरतो. कारण सेंद्रिय मळामुळे विरंजक द्रावणातील क्लोरीन निष्क्रिय होतो. लहान लाकूड उकळतात किंवा सु. १००°–१२०° से. तापमानाच्या ओव्हनमध्ये आतपर्यंत तापेल इतका वेळ ठेवतात. लाकूड पेटण्याचा संभव असल्याने तेथे सतत लक्ष ठेवावे लागते. दगड ओव्हनमध्ये तापवू नयेत. सच्छिद्र दगडातील पाण्याची वाफ होऊन तो फुटू शकतो. ते थंड पाण्यात ठेवून पाणी सावकाश उकळवितात.

भांड्यात न मावणाऱ्या वस्तूंसाठी घरगुती विरंजक द्रावणाचा १ भाग व पाणी ९ भाग असे ताजे मिश्रण वापरतात. त्यात अम्ल किंवा अमोनिया मिसळल्यास विषारी वायू निर्माण होतात. लाकूड द्रावण शोषून घेत असल्याने ते पुनःपुन्हा स्वच्छ पाण्यात भिजवून, क्लोरिनचा वास पूर्णपणे जाईपर्यंत उन्हात वाळवितात. फिनाईलसारखी फिनॉलयुक्त जंतुनाशके सापांना विषारी असल्याने वापरीत नाहीत.

निरोगी दिसणाऱ्या सापाच्या आतड्यातही साल्मोनेला जंतू असू शकतात. त्यामुळे हे साहित्य स्वयंपाकघरात धुऊ नये, त्यासाठी वापरलेली भांडी स्वयंपाकाला घेऊ नयेत, हात साबणाने धुवावेत व पाच वर्षांखालील मुलांना या कामापासून दूर ठेवावे.

भारतात नाग, अजगर इ. देशी सापांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असल्याने ते घरी पाळता येत नाहीत. त्यांच्या बाबतीत ही दक्षता मुख्यत्वे प्राणिसंग्रहालये व सर्पोद्याने यांना घ्यावी लागते. तेथे एका पिंजऱ्यातील ओंडका तसाच दुसऱ्यात ठेवल्यास त्याबरोबर रोगही जाऊ शकतो.