खूण आणि मालकी (लेखांक ९) : कलश म्हणे आमचा!

गेल्या अंकात आदिदासच्या तीन पट्ट्यांपाशी थांबलो होतो. ते पट्टे आज मिळणार नाहीत. त्यांच्या लढाया लक्झेंबर्ग आणि न्यूयॉर्कच्या कोर्टांत झाल्या, आणखी आठवडाभर त्या कुठं पळून जात नाहीत. मधेच आपल्या तालुक्यातलं एक प्रकरण दारात येऊन उभं राहिलं, आणि खरं सांगायचं तर मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

या लेखमालेचे एक वाचक लिफाफा घेऊन घरी आले. चाळीसगावजवळच त्यांचा मसाल्याचा छोटा कारखाना आहे. काळा मसाला, हळद, तिखट आणि उन्हाळ्यात बिबड्या. वडिलांच्या वेळेपासून पुडीवर कलश छापलेला : आंब्याची पानं, वर नारळ, खाली गावाचं नाव. लिफाफ्यात एका मोठ्या कंपनीच्या वकिलांची नोटीस होती. कलश हे आमच्या अशिलांचं नोंदणीकृत चिन्ह आहे, सात दिवसांत सगळा माल बाजारातून मागं घ्या, पुन्हा असं करणार नाही असं हमीपत्र द्या, भरपाईचा हक्क आम्ही राखून ठेवत आहोत, वगैरे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे. गृहस्थांनी नोटीस टेबलावर ठेवली आणि विचारलं, “आते काय करानं, भाऊ?”

आखाजीला घरोघरी पितरांच्या नावानं घागर भरणारा आपला मुलूख. श्रावणात कानबाई बसते तेव्हा कलश आणि नारळाशिवाय तिची मांडणी होत नाही. अशा ठिकाणच्या माणसाला सांगायचं की कलशाचा मालक मुंबईच्या एका काचेच्या इमारतीत बसतो! पण नुसतं चिडून भागत नाही. अशा नोटिशीत अर्धं खरं असतं आणि त्या अर्ध्याच्या जोरावर उरलेलं अर्धं खपवलेलं असतं. म्हणून आधी खरं अर्धं बघू.

ट्रेडमार्कचा कायदा चित्र कोणाच्या नावावर करून देत नाही. चित्र आणि माल यांची गाठ तेवढी तो मान्य करतो. दांडेकरांच्या कॅम्लिननं १९३१ साली शाईपासून धंदा सुरू केला, आधी घोडा छाप आणि मग उंट. अमेरिकेतली रेनॉल्ड्स कंपनी १९१३ पासूनच उंटाच्या चित्राची सिगारेट विकत होती. एक उंट शाईच्या बाटलीवर, दुसरा सिगारेटच्या पाकिटावर. कायद्याच्या लेखी हे दोन वेगळे प्राणी. मालाचे ३४ आणि सेवांचे ११ असे एकूण ४५ वर्ग आहेत, आणि नोंदणी त्या त्या वर्गापुरती होते. संगमनेरच्या मालपाणींची गाय तंबाखूच्या ३४व्या वर्गात बांधलेली आहे. तिच्या दाव्यावर दुधाच्या पिशवीवरची गाय कोणी सोडवून नेऊ शकत नाही. याला अपवाद आहे तो ‘सुविख्यात’ ठरलेल्या चिन्हांचा. ती वर्गांची कुंपणं ओलांडून जातात, आणि २०१७ च्या नियमांपासून तर एक लाख रुपये फी भरून तसा दर्जा थेट मागता येतो. मोठ्या कंपन्यांना हा दर्जा इतका का हवा असतो, ते यावरून कळेल.

आमच्या मसालेवाल्यांचं दुर्दैव असं की कंपनीचा मालही ३०व्या वर्गातलाच. तेव्हा वर्गाचं कुंपण इथं कामाचं नाही. मग आम्ही दोघांनी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचा दाखला शोधला. ही सोय सर्वांना फुकट आहे, आणि तरीही नोटीस आलेली माणसं ती क्वचितच वापरतात. दाखल्यात काय निघालं? नुसता कलश नव्हताच. कंपनीचं नाव, विशिष्ट चौकट, दोन रंग आणि त्यात कलश, असं अख्खं लेबल नोंदवलेलं होतं. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं १७वं कलम सांगतं की अख्खं लेबल नोंदवलं तर हक्क अख्ख्या लेबलावर मिळतो. त्यातला एखादा तुकडा वेगळा नोंदवलेला नसेल, किंवा तो त्या धंद्यात सर्रास वापरला जात असेल, तर त्या एकट्या तुकड्यावर हक्क सांगता येत नाही. नोटिशीत १७व्या कलमाचा उल्लेख नव्हता. तो कधीच नसतो.

दुसरं कलम ३४. कंपनीनं चिन्ह वापरायला सुरुवात केली किंवा त्याची नोंदणी केली, यातली जी तारीख आधीची, तिच्याही आधीपासून तुम्ही तसं चिन्ह सलग वापरत असाल तर तुम्हाला अडवता येत नाही. पुण्याच्या बर्गर किंगच्या लेखांकात या आधीच्या वापराचं महत्त्व आपण पाहिलं आहे. पण हे सिद्ध करायला कागद लागतात, आणि आपल्याकडचे छोटे उद्योजक दर दिवाळीला माळा झाडून नेमके तेच कागद रद्दीत घालतात. मी त्यांना म्हटलं, छापखान्याची जुनी बिलं काढा, लेबलाचा ब्लॉक कुठं असेल तर तो काढा, विक्रीकराच्या जमान्यातली कागदपत्रं काढा. आणि जुनी लेबलं नीट न्याहाळा. लेबलावर तारीख नसली तरी ते स्वतःचं वय सांगतं. पिन कोड १९७२ च्या स्वातंत्र्यदिनी सुरू झाले. ज्या लेबलावर पत्ता आहे पण पिन नाही, ते बऱ्यापैकी जुनं असण्याची शक्यता असते. तीन आकडी फोन नंबर असेल तर उत्तमच. असं एक लेबल त्यांच्या आईच्या पेटीत निघालं, कागदी पिशवीला चिकटवलेलं. कोर्टात एवढ्यावर भागणार नाही, पण वकिलाला उत्तर लिहायला ते पुरे होतं.

आता नोटिशीच्या खऱ्या ताकदीकडे येऊ. ती कलशात नाही, ती नकाशात आहे. १३४व्या कलमानं चिन्हाच्या नोंदणीकृत मालकाला एक मोठी सवलत दिली आहे : तो जिथं राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावू शकतो. अमुक ठिकाणीच लावा अशी बंधनं सर्वोच्च न्यायालयानं नंतर घातली, पण मुंबईच्या कंपनीनं मुंबईत लावला तर चाळीसगावच्या माणसाला मुंबईला जावं लागतं. दर तारखेला दुकान बंद, रेल्वेचं तिकीट, वकिलाची फी. मसाल्याच्या पुडीत सुटतो किती? म्हणून बहुतेक जण पहिल्या नोटिशीलाच लेबल बदलतात. मग कलश प्रत्यक्षात कंपनीचाच होतो, एकाही न्यायाधीशानं तसं म्हटलेलं नसताना. या सगळ्या लेखमालेत मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट हीच आहे. सार्वजनिक खुणा खाजगी होतात त्या फार क्वचित निकालानं होतात, बहुतेकदा घाबरून केलेल्या हमीपत्रांनी होतात.

याच कायद्यात उलटा वारही आहे, १४२वं कलम. बिनबुडाची धमकी देणाऱ्यावर धमकी मिळालेला माणूसच दावा लावू शकतो आणि नुकसानही मागू शकतो. कंपनीनं पुढं होऊन रीतसर दावा चालवला तर हे हत्यार गळून पडतं. पण नुसत्या नोटिसा धाडून गप्प बसणाऱ्यांना उत्तरात या कलमाचा साधा उल्लेखही बरंच शहाणपण शिकवतो. आमच्या गृहस्थांचं उत्तर १७, ३४ आणि १४२ या तीन आकड्यांसह गेलं आहे. पुढं काय झालं ते कळवीन.

त्यांनी जाता जाता एक प्रश्न टाकला, आणि पट्टे मागं पडले ते त्या प्रश्नामुळं. देवाधर्माच्या खुणा मुळात नोंदवूच कशा देतात?

देतात, आणि याची कबुली आपल्या संसदेच्या समितीनंच दिलेली आहे. १९९३ च्या ट्रेडमार्क विधेयकावर विचार करताना स्थायी समितीनं म्हटलं की देवदेवता आणि पूजास्थानं यांच्याशी संबंधित खुणा एरवी नोंदवल्या जाऊ नयेत. पण आधी झालेल्या नोंदण्यांना हात लावू नका, नाहीतर बाजारात गोंधळ माजेल. म्हणजे जे आत शिरले ते शिरले! सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली ‘रामायण’ उदबत्तीच्या खटल्यात या शिफारशीची आठवण काढली. पाटण्याच्या एका व्यापाऱ्याला उदबत्ती आणि धुपासाठी ‘रामायण’ हे नाव हवं होतं. न्यायालयानं सांगितलं की पवित्र ग्रंथाचं नुसतं नाव कोणा एकाला मालाची खूण म्हणून मिळणार नाही. त्याला आणखी शब्द जोडून वेगळेपण आणलं तर गोष्ट निराळी. २०१८ साली कर्नाटकच्या दूध महासंघाची ‘नंदिनी’ त्याच न्यायालयात हरली. महासंघ १९८५ पासून हे नाव वापरत होता, समोरचा हॉटेलवाला ‘नंधिनी’ नावानं १९८९ पासून. नंदिनी हे देवीचं आणि पुराणातल्या गायीचं नाव, ते तुम्ही घडवलेलं नाही, आणि दूध विकणं वेगळं, हॉटेल चालवणं वेगळं, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

पण या विषयातला माझा लाडका खटला मराठी मातीतला आहे, म्हणून थोडं रेंगाळतो. पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीच्या बिडीवर छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र होतं. बिडीच्या बंडलावर महाराज! आज कल्पनाही करवत नाही, पण त्या काळी आगपेटीपासून तंबाखूपर्यंत देव आणि वीरपुरुष सर्वत्र दिसत, आणि ते आदरानंच लावले आहेत असं लावणाराही मानत असे. इथं ट्रेडमार्कचा कायदा नव्हे, दुसराच कायदा आडवा आला. बोधचिन्हं आणि नावांचा गैरवापर रोखणारा १९५० चा कायदा. त्याच्या परिशिष्टात राष्ट्रध्वज, संयुक्त राष्ट्रांचं चिन्ह अशी यादी आहे. केंद्र सरकारनं त्या यादीत महाराजांचं नाव आणि चित्र घातलं. यादीतली गोष्ट व्यापारासाठी वापरायची नाही आणि ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचीही नाही. कॅलेंडरवर चित्र चालतं, पण त्यावर कॅलेंडर काढणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव तेवढं असावं, मालाची जाहिरात नसावी. भिंतीवरचं कॅलेंडर जरा बघा, हा नियम किती पाळला जातो ते दिसेल.

कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. इतक्या वर्षांच्या धंद्याची पत या नावावर उभी आहे, ते हिरावून घेणं म्हणजे व्यवसायाच्या हक्कावर घाला, असा तिचा मुद्दा होता. १९७५ साली ती हरली. आता यातला विरोधाभास असा की इथं महाराजांचं नाव एका कंपनीच्या हातातून सुटलं, पण ते सर्वांना मोकळं झालं नाही. दिल्लीच्या परवानगीशिवाय ते व्यापारात कोणालाच वापरता येत नाही. महाराजांच्या बाबतीत मला हे मान्य आहे. मात्र उद्या कलश, स्वस्तिक, तुळशीवृंदावन अशी यादी कोणी वाढवायला घेतली तर मी विरोधात उभा राहीन, कारण मग आमच्या मसालेवाल्याची पुडीही बेकायदा ठरेल. याच कंपनीच्या ‘संभाजी बिडी’वर २०२० साली पुन्हा रान पेटलं, आणि या वेळी कोर्टाविनाच नाव बदलून ‘साबळे बिडी’ झालं.

अलीकडचं उदाहरण तुम्हाला आठवत असेलच. ७ मे २०२५ रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’ जाहीर झालं आणि त्याच दिवशी त्या नावासाठी अर्ज दाखल झाले. त्यांत रिलायन्सच्या जिओ स्टुडिओजचाही अर्ज होता, करमणुकीच्या ४१व्या वर्गात. बोंब उठल्यावर दुसऱ्याच दिवशी तो मागं घेतला गेला. कनिष्ठ कर्मचाऱ्यानं परवानगीविना भरला होता, असा खुलासा आला. लोक ओरडले म्हणून हे थांबलं. एरवी अर्ज मंजुरीच्या वाटेला लागला की ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापला जातो, जर्नल दर सोमवारी निघतं, आणि छापल्यापासून चार महिने कोणालाही हरकत घेता येते. इथं कोणालाही म्हणजे खरोखर कोणालाही, तुम्ही त्या धंद्यात असलंच पाहिजे असं नाही. ऑनलाइन फी एका वर्गाला २,७०० रुपये. आपल्या व्यापारी संघटना एवढा एक सोमवार का सांभाळत नाहीत?

जाता जाता मुंबईच्या ताजचं. २०१७ साली इंडियन हॉटेल्स कंपनीनं ताज महाल पॅलेसच्या इमारतीचं बाह्यरूपच ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं. भारतात इमारतीला असा मान पहिल्यांदाच मिळाला. हॉटेल १९०३ सालचं. बांधलं त्यांनी, तेव्हा हक्क त्यांचा, असं वरवर वाटतं. पण तो घुमट शंभरावर वर्षं मुंबईची खूण म्हणून पोस्टकार्डांवर, कॅलेंडरांवर, सिनेमांत फिरतो आहे, आणि गेटवेवरचे फोटोग्राफर पर्यटकांना त्याच्यासमोर उभं करून पोट भरत आले आहेत. त्यांना या नोंदणीची भीती आहे का? माझ्या मते नाही. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या रॉक अँड रोल संग्रहालयानं आपल्या इमारतीच्या फोटोचं पोस्टर विकणाऱ्या छायाचित्रकाराला कोर्टात खेचलं होतं. खालच्या कोर्टानं दिलेली मनाई १९९८ साली वरच्या कोर्टानं उठवली. संग्रहालय स्वतःच्या वस्तूंवर इमारतीची नाना तऱ्हेची चित्रं छापत होतं. त्यामुळं यातलं नेमकं कोणतं चित्र लोक तुमची खूण म्हणून ओळखतात, असा प्रश्न उभा राहिला, आणि त्याचं समाधानकारक उत्तर संग्रहालयाजवळ नव्हतं.