कर्जावरील विमा आणि घरांतील आजारपण

ट्रॅक्टर, विहीर, गोठा अगर द्राक्षबाग यांसाठीं मुदतीचें कर्ज काढतांना अलीकडे बँकेंत आणखी एका कागदावर सही घेतली जाते. तो कागद कर्जाच्या विम्याचा होय. पुढें कधीं घरचा कर्ता अंथरुणास खिळतो, पैसा दवाखान्यांत जातो, हप्ते थकतात. आणि घरचीं माणसें एकमेकांस धीर देतात कीं, कर्जाचा विमा उतरला आहे, बँक पाहून घेईल. बँक आपण होऊन कांहीं पाहत नाहीं. महसुली दप्तरांत आमचीं बरींच वर्षें गेलीं. अर्ज केल्यावांचून कागद हलत नाहीं, हें आम्हीं तेथें रोज पाहिलें. विमा या नियमास अपवाद नाहीं.

या विम्याचा मूळ करार बहुधा बँक व विमा कंपनी यांच्यांत असतो. त्यास सामूहिक विमा म्हणतात. कर्जदाराच्या वांट्यास येतें तें प्रमाणपत्र. तें पुष्कळांस मिळालेलेंच नसतें, किंवा मिळून कर्जाच्या कागदांत दडलेलें असतें. नसल्यास बँकेकडे लेखी मागावें आणि कर्जखात्याचा उताराही घ्यावा. विम्याचा हप्ता केव्हां व किती कापला हें त्या उताऱ्यावरून कळतें. पुष्कळ वेळां हा हप्ता कर्जाच्या मुद्दलांतच मिळविलेला असतो. समजा, कर्ज ८ लाखांचें आणि विम्याचे ३० हजार त्यांत मिळविले, तर व्याज ८ लाख ३० हजारांवर चढतें. विम्याची किंमत आपण सव्याज मोजलेली असतांना दावा मागण्यांत संकोच कशाचा?

आतां विमा कशाचा आहे तें पाहावें. बहुतेक घोटाळा येथेंच होतो. कांहीं विमे केवळ मृत्यूपुरते असतात. कर्जदार आजारी पडून वांचला तर त्यांतून कांहीं मिळत नाहीं. किसान क्रेडिट कार्डासोबतचा विमा अपघाताचा आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनाही वार्षिक २० रुपयांत २ लाखांचें संरक्षण देते, पण तें अपघातापुरतेंच. आजारासाठीं प्रमाणपत्रावर 'गंभीर आजार' असें कलम असावें लागतें, आणि त्याखालीं आजारांची यादी असते.

ही यादी शब्दशः वाचावी. पक्षाघात यादींत असला तरी त्याचे परिणाम निदान ३ महिने टिकून कायमचे ठरल्याचा पुरावा लागतो. म्हणून ३ महिन्यांनंतरची तपासणी चुकवूं नये. मूत्रपिंडें निकामी होऊन नियमित डायालिसिस लागलें तर कलम लागू होतें, नुसती सूज अगर खडा यांस नव्हे. छाती उघडून केलेली बायपास शस्त्रक्रिया यादींत असते. परंतु फुगा घालून केलेली अँजिओप्लास्टी त्या कलमांत बसत नाहीं. शिवाय विमा सुरू झाल्यापासून पहिल्या ९० दिवसांत उद्भवलेला आजार पुष्कळ करारांत वगळलेला असतो.

दाव्याची सूचना बँकेस व विमा कंपनीस, दोघांसही, लेखी द्यावी. स्थळप्रतीवर आवक शिक्का व तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडूं नये. सूचनेस उशीर झाला म्हणूनही हातपाय गाळूं नयेत. खऱ्या दाव्यास केवळ उशिराच्या सबबीवर यांत्रिकपणें नकार देऊं नये, असें विमा नियामक प्राधिकरणानें २०११ सालींच कंपन्यांस बजावलें आहे. अर्जासोबत पहिल्या तपासणीची चिठ्ठी, निदानाचे अहवाल, दवाखान्यांतून सोडल्याचें कार्ड व डॉक्टरांचा दाखला जोडावा. या कार्डावर 'मधुमेह १० वर्षांपासून' अशी एखादी ओळ सहज पडते. रोगी बेशुद्ध असतांना कोणा नातलगानें अंदाजानें सांगितलेलें असतें, आणि पुढें तीच ओळ 'आजार आधीपासून होता' म्हणून दावा फेटाळण्यास पुरते. खोटें लिहून घ्यावें असें आमचें म्हणणें नाहीं; पण चुकीचें पडलें असेल तर कार्ड हातीं येतांच डॉक्टरांकडून दुरुस्त करून घ्यावें.

दावा चालू असतां हप्ते थांबत नाहींत, व्याजही थांबत नाहीं. तरी आजाराचे कागद जोडून हप्ते पुढें ढकलण्याचा किंवा फेरबांधणीचा अर्ज बँकेस त्याच वेळीं द्यावा.

नकार आल्यास तो लेखी, कलमासह मागावा. नुसत्या तोंडी 'बसत नाहीं' यास कांहीं किंमत नाहीं. आयुर्विम्याच्या बाबतींत विमा कायदा १९३८ चें ४५ वें कलम आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्याचा अर्थ असा कीं, ३ वर्षें पूर्ण झाल्यावर, माहिती दडविली या कारणावरूनही, कंपनीस विम्याच्या वैधतेवर आक्षेप घेतां येत नाहीं. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे दाद न लागल्यास विमा लोकपालाकडे नकारापासून १ वर्षाच्या आंत जावें. पुणें व मुंबई येथें त्यांचीं कार्यालयें आहेत. फी नाहीं, वकील लागत नाहीं, आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहक आयोगाची मुदत २ वर्षांची आहे. हप्ता कापून बँकेनें कंपनीकडे नांवच पाठविलें नसेल, तर तक्रार बँकेविरुद्ध करावी.

असले विमे गळ्यांत मारण्याचा प्रकार आपल्याकडेच होतो असें नव्हे. इंग्लंडांत जे कर्जदार स्वतःचा धंदा करणारे म्हणून कधींच दावा करूं शकले नसते, त्यांसही ते विकले गेले. दाद मागण्याची शेवटची तारीख २९ ऑगस्ट २०१९ होती, आणि तेथील बँकांस एकंदर ३८ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम परत करावी लागली. ती बहुतांशीं मागणाऱ्यांसच मिळाली.

दावा मंजूर झाला म्हणजे रक्कम प्रथम कर्जखात्यांत जमा होते. खातें पुरें फिटल्यास बँकेचा बेबाकी दाखला घेऊन तो तलाठी कार्यालयांत द्यावा आणि सात-बाराच्या इतर हक्कांतील बोजा कमी झाल्याचा फेरफार मंजूर करून घ्यावा. कर्ज फिटून गेलेलें आणि बोजा मात्र तसाच, असे उतारे आम्हीं कित्येक पाहिले आहेत.